डाव्या हातातला पाइप

गाडीचा एसी बिघडला की माणसं जे तोंड करून दुकानात येतात, ते तोंड मी माझ्या बापाच्या मयताला केलं नव्हतं. अरुणकुमारबाबू तसेच आले. वैशाली नगरात राहायचे, पोलादाच्या प्लँटात ठेकेदारी करायचे. दहा जणांची मोठी गाडी होती त्यांची. पुढं एक एसी आणि मागच्या सीटांसाठी छताला दुसरा. ड्रायव्हर पुढं कुडकुडायचा आणि मागं साहेब लोक घामानं भिजायचे.

"उद्या बाहेरचे इंजिनीअर येऊन राहिले," ते म्हणाले, "अन मागं नुसती भट्टी पेटली आहे."

"भट्टी पाहाले तर येऊन राहिले ना ते?" मी म्हणालो.

त्यांना हसू आलं नाही. किल्ली टेबलावर टाकून ते रिक्षानं निघून गेले.

एक्याण्णवची होळी नुकतीच झाली होती. कॅम्प-१ मध्ये आमचं दोघांचं दुकान होतं. मी बाबाराव, प्लँटातून रिटायर झालेला इलेक्ट्रिशियन. वायरी, फ्यूज, पंखे माझ्याकडे. गॅस आणि पाइप देवानंदकडे. तो आमच्याच भंडाऱ्याकडचा, तिशीचा, मला काकाजी म्हणायचा. दुकान त्याच्या हातावर चालत होतं. हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, पण गिऱ्हाईक आल्याबरोबर "देवानंद कुठी आहे?" हेच विचारायचं. माझ्याकडे पाहून कोणी गाडी सोडली नाही.

हात म्हणजे खरोखरच हात. अशा गाडीत कंप्रेसर एकच असतो. त्याचा गॅस एका वाटेनं पुढं जातो, एका वाटेनं मागं, आणि काम करून दोन गार पाइपांनी परत येतो. मीटर लावला तर तो दोघांचा मिळून एकच आकडा दाखवतो. कोणती वाट रुसली ते मीटरला कळत नाही, ते हातालाच कळतं. देवानंद बोनेटखाली वाकायचा, पुढचा पाइप उजव्या हातात, मागचा डाव्या हातात धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा. त्याचं निदान चुकलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. त्याच्या घरची चूलही त्याच दोन हातांवर पेटत होती.

"पुढचा गार आहे," तो म्हणाला. "मागचा नाई. मागचा वॉल्व्ह जाम झाला असंल, काकाजी."

मागचं छत खोललं. वॉल्व्ह काढला, नवा बसवला, गॅस भरला, इंजिन सुरू केलं. देवानंद पुन्हा वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"मागचा नाईच."

मग त्यानं पाइप सोडवून फुंकून पाहिला. कुठं चेपलाय का म्हणून गाडीखाली निजून पाहिला. पुन्हा गॅस भरला. दुपार झाली, डबा तसाच राहिला. "देवा, पाइपाशी लगीन लावून राहिला का?" असं मी एकदा म्हणालो, तर तो अंगावर ओरडला. हा माणूस कधी ओरडत नसे. 

शेवटी मीच उठलो. मागचा पंखा माझ्या हद्दीतला, त्याचा फ्यूज पाहू म्हणून बोनेटखाली हात घातला आणि माझं मनगट त्या मागच्या पाइपाला लागलं. पाइप बर्फासारखा गार होता.

"अरे, हा तर थंडगार आहे."

"मजाक नका करू, काकाजी."

"तुयी शप्पथ. पाह्य."

त्यानं डावा हात लावला. मान हलवली. नाही. मी पुन्हा माझा हात लावला, माझी बोटं गारठली. 

"हात बदल," मी म्हणालो.

त्यानं हात बदलले. उजवा मागच्या पाइपावर, डावा पुढच्यावर. डोळे मिटले. इंजिन चालूच होतं. मग तो हळूच म्हणाला, "आता पुढचा गार नाई."

मी मागं जाऊन पंखा खोलला. पंखा उलटा फिरत होता. आधी कोणी तरी शहाण्यानं दोन वायरी अदलाबदल करून जोडल्या होत्या. आवाज यायचा, वारा यायचा नाही. वायरी सरळ केल्या आणि मागच्या सीटांवर असा गारठा पडला की अरुणकुमारबाबूंच्या पाहुण्यांना शाली लागल्या असत्या. सकाळपासून बिघाड एवढाच होता. मी हे सांगितलं तेव्हा देवानंद टायरवर बसून डावा हात उलटसुलट करून पाहत होता. करंगळीच्या बाजूला जुन्या भाजल्याचे डाग होते.

"बाही वर कर," मी म्हणालो.

कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता.

"गजकर्ण व्हय. मलम लावून राहिलो."

मी त्याला तोंड तिकडं फिरवायला सांगितलं आणि वायरीचं उघडं टोक त्या चट्ट्यावर टोचलं.

"टोचा ना," तो म्हणाला. "काऊन थांबले?"

 माझे मामा, फकिरामामा, यांना मी लहानपणी असंच पाहिलं होतं. दवाखान्याची माणसं एका नळीत गरम आणि एका नळीत थंड पाणी घेऊन गावात यायची आणि मामांना डोळे मिटायला सांगून कोणती गरम ते विचारायची. नंतर मामा नाल्यापलीकडच्या झोपडीत राहिले. मथुरामामी त्यांची भाकर दगडावर ठेवून मागं सरायची. हे सगळं मला आठवलं आणि देवानंदला मी फक्त रोगाचं नाव सांगितलं, महारोग. 

तो रडला नाही. रडला असता तर बरं वाटलं असतं.

"आता गोळ्या निघाल्या," मी म्हणालो. "बरा होते. पद्मनाभपुरात डॉक्टर आहे, उद्या मी येतो संगं. कोणाले सांगाची गरज नाई."

"रोग बरा होईल. हात?"

मेलेली नस पुन्हा जागी होते की नाही, मला ठाऊक नव्हतं. 

"कधीपासून असंल, काकाजी?"

"काय मालूम. हळूहळू जाते ते. पहिले गरम-थंड जाते, मंग बाकीचं. हिवाळाभर एसीचं काम कुठी होतं, म्हणून कळलं नाई. हिवाळ्याच्या आधीपासून असंल."

"हिवाळ्याच्या आधीपासून," तो म्हणाला, आणि एकदम उठला. सायकल काढली आणि निघाला. मला भलतीच शंका आली. रेल्वे लाइन तिथून लांब नाही. मीही दुकान उघडंच टाकून मागं सायकल हाणली.

पण तो घरीच गेला. अंगणात त्याची बायको कलावती चुलीवरून पाण्याचं पातेलं उतरवत होती. दोन वर्षांची तारा तिच्या लुगड्याला घट्ट धरून होती.

"बरं झालं आले," कलावती म्हणाली. "मी कणीक मळतो, तुमी हिची आंघोळ घालून द्या. अन काकाजी, तुमीच समजवा हिले. बादली पाह्यली का बोंबलते. सासूबाईनं दोनदा नजर काढली. पाण्याले भेते म्हणे."

 देवानंदनं पातेलं बादलीत ओतलं. थंड पाण्याचे दोन तांबे टाकले आणि डाव्या हातानं ढवळलं. पोरगी उजव्या कडेवर असते, म्हणून पाणी नेहमी डाव्या हातानं.

"झालं कोमट," तो म्हणाला. ते कोणाला सांगितलं कोण जाणे. मग त्यानं उजवा हात बादलीत घातला आणि हिसका देऊन बाहेर काढला. बोटं लाल झाली होती.

तारा मोठ्यानं रडायला लागली.

"काय झालं?" कलावतीनं विचारलं. तिनं स्वतः पाण्यात बोट बुडवलं, चटकन काढलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. "एवढं गरम? रोज एवढंच राह्यते?"

 मग मीच सांगितलं, हाताचं, पाइपाचं, सगळं. कलावती ऐकत होती, पण रोगाचं नाव तिच्या कानात शिरलं असं मला वाटलं नाही. ती खाली बसली. ताराला पोटाशी घेतलं आणि तिची पाठ चाचपत राहिली.

"अन मीच तिचे हात सोडवून तुमच्याजवळ देत होती," ती म्हणाली.