धुरात उभा असलेला गडी

मित्रांनो, तुमच्यासमोर तोंड उघडायची मला लाज वाटते. मी पितळेचा एक जुना फासा, बोराएवढा. भंडाऱ्याच्या भय्याजींनी फुटक्या गुंडाचं, म्हणजे पाण्याच्या घागरीचं, पितळ वितळवून मला ओतलं. ओतताना सहा ठिपक्यांच्या बाजूला आत पोकळी राहिली. ती बाजू हलकी, म्हणून घरंगळून थांबताना बहुधा तीच वर येई. भय्याजींना ते कळलं नाही. मला कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोराच होता.

आसगावच्या शाळेतले जागेश्वर गुरुजी मला घेऊन आले. त्यांनी स्वतः एक खेळ रचला होता. जुन्या चादरीवर चौकोन आखून जंगल काढलेलं. प्रत्येक खेळणाऱ्याचा एक गडी, चादरीवर त्याच्या जागी एक खडा. कागदावर त्याचं नाव आणि त्याचे जीव लिहिलेले. गुरुजी गोष्ट सांगत, खेळणारे आपला गडी काय करतो ते सांगत, आणि पुढे काय घडलं ते मी ठरवी.

धान रोवून झालं की निंदणापर्यंत जरा उसंत मिळे. त्या दिवसांत शाळा सुटल्यावर पडवीत खेळ बसे. धनीराम आणि यादोराव हे चुलतभाऊ, दोघेही घरची शेती असलेले. तिसरा चिंधू, बौद्ध वस्तीतला, लोकांच्या धानाच्या बांध्यांत मजुरी करणारा. गावात एरवी हे तिघे एका चटईवर बसत नसत. इथे बसत. चिंधूच्या गड्याचं नाव रानबा. चार पावसाळे चिंधूने त्याला जपलं होतं. त्याचा कागद तो घरी पेटीत ठेवी.

खेळात कधी कधी माश्यांचा किंवा मुंग्यांचा थवा येई. थव्यासाठी गुरुजींचा नियम वेगळा होता. काठीने एका वेळी एकच माशी मरे. पलिता फेकला तर चार चौकोनांत धूर पसरे, आणि माझ्यावर जो आकडा पडेल तितके जीव धुरातल्या प्रत्येकाचे जात.

"आपला गडी आत असला तं त्याचेही जातीन," गुरुजी बजावत.

माशीला एकच जीव, त्यामुळे कोणताही आकडा पडला तरी थवा संपे. एकदा लाल मुंग्यांच्या थव्यात यादोरावचा गडी अडकला होता. तेव्हा पलिता धनीरामकडेच होता. "निघ तू पयले," म्हणून तो एक पाळी थांबला, आणि स्वतःच्या गड्याला दोन चावे बसू दिले.

मग १९७६चा पावसाळा आला. गोष्टीत आग्या मोहोळ उठलं. गुरुजींनी माश्या म्हणून चाळीस चिंचोके चादरीवर पसरले. बाकीच्यांना निसटता यावं म्हणून रानबा घोंगडी पांघरून मधोमध उभा राहिला. सगळ्यांनी मिळून तसंच ठरवलं होतं. पुढच्या पाळीला तो बाहेर येणार होता. त्याचे पाच जीव उरले होते. धनीरामच्या गड्याचे दोन होते, आणि माश्या त्याच्याकडे वळल्या होत्या. पलिता याही वेळी त्याच्याकडेच होता.

"थांब ना गा धनीराम, एक पाळी. मी निघूनच राहिलो," चिंधू म्हणाला.

धनीरामने पलिता फेकला आणि मला मुठीत घेतलं. माझी खोड त्याला केव्हाच कळली होती. मला ते ठाऊक होतं, कारण नड आली की सहा पाडायला तो मला हलकेच घरंगळवी. तसंच त्याने तेव्हाही केलं. आणि मी सहा दाखवले.

थवा संपला. यादोरावने टाळी वाजवली. गुरुजींनी मान खाली घालून रानबाचा खडा उचलला.

चिंधू म्हणाला, "माह्या जागी यादोरावचा गडी असता तं फेकला असता का तू?"

गुरुजी चिंचोके गोळा करू लागले. चिंधूने कागदाची घडी करून खिशात घातली, चपला घातल्या, आणि तो पुन्हा कधी आला नाही. पुढच्या वर्षी गुरुजींची बदली झाली. मी धनीरामच्या कोनाड्यात पडून राहिलो, काळा पडलो. कोणी मला घासलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

आठ वर्षांनी धनीराम मला घेऊन चिंधूच्या अंगणात गेला. लीलाबाईंनी, चिंधूच्या बायकोने, खाट टाकली, चहा दिला.

"हा फासा लबाड हाये गा," धनीराम मला पुढे करत म्हणाला. "याच्यावर सहाच येते. त्याच्यानंच रानबा गेला."

सगळा दोष माझ्यावर घ्यायला मी तयार होतो. चिंधूने मला तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं.

"तुले हे तवा माहीत होतं का?"

धनीरामने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "होतं."

"मंग फाश्याचं नाव कायले सांगतं?" चिंधूने मला परत त्याच्या हातात ठेवलं. "चहा पी. थंडा होऊन राहिला."

मित्रांनो, थव्यावर काही फेकण्याआधी आत कोण उभं आहे ते नीट पाहा. तो तुमच्याच भरवशावर आत शिरलेला असतो.