माहेरची वाटी

सत्त्याण्णव सालच्या माघातली गोष्ट. मळ्याकडेच्या ओहळात मुळे धुता धुता कुसाबाईचं मंगळसूत्र तुटलं. काळे मणी ओच्यात पडले, सासरची वाटी बोटांत अडकली आणि माहेरची तेवढी पाण्यात गेली. मसुरीच्या डाळीएवढी ती, पातळ पत्र्याची. पाणी घोटाभर, वाळू मात्र ढीगभर.

"दुसरी घडवू," तिचा नवरा खंडेराव म्हणाला.

"तुमी घडवली तर ती बी सासरचीच व्हईल. माहेरची कोण देणार? आई नाय, बाप नाय, भाऊ नाय."

त्यानं सायकल काढली आणि मखमलाबादहून नाशकाचा भांडी बाजार गाठला.

"परात दाखवा."

"काय मळायचंय?" दुकानातल्या कमळाबाईंनी विचारलं.

"वाळू."

"वाळू?"

"सोनं हाय तिच्यात."

कमळाबाईंनी हसू पदराआड लपवलं आणि भांडी मांडली. स्टीलची परात त्यानं लग्नाची मुलगी पाहावी तशी वळवून वळवून पाहिली. लय गुळगुळीत. जर्मलची हलकी, प्रवाहात हेलपाटणारी. पितळेची चकाकणारी, तिच्यात सोनं दिसायचं कसं? शेवटी कोपऱ्यातली सागाची काथवट त्याच्या मनात भरली. पसरट, उथळ, काळपट.

नवी काथवट तेल पाजल्याशिवाय वापरायची नाही, ही घरची रीत. त्यानं मायेनं शेंगदाण्याचं तेल चोळलं, तुकतुकीत केली. दुसऱ्या दिवशी ओहळात बसून वाळू घोळवू लागला, तर सगळीच वाळू एका दमात सुळ्ळकन निसटायची.

काठावरून कुसाबाई ओरडली, "अहो, भाकरी थापायचीय का? तेल कशाला पाजलं?"

"नवी काथवट तडकती. तुझ्याच सासूनं शिकवलंय."

"मग सासूलाच बोलवा शोधायला!"

तिनं काथवट हिसकावली. राख आणि नारळाच्या शेंडीनं घास घास घासली, लाकडाच्या रेषा हाताला लागेपर्यंत. मग पदराची गाठ सोडून सासरची वाटी काढली आणि काथवटीतल्या वाळूत टाकली.

"अगं अगं! माझ्या नावाची वाटी ती!"

"ही ऱ्हायली तर ती बी ऱ्हाईल. काथवटीची पारख नको?"

"आन् गेली तर?"

"तर दोघी एका जागी नांदतील."

खंडेरावानं डोळे मिटले. कुसाबाई सुपात धान्य पाखडावं तशी पाण्यात काथवट डोलवू लागली, आणि ओठांवर ओवी आली:

"माहेरच्या वाटंवरी मुराळी कोण धाडू?
सासरच्या सोन्या, जा रे, वाळूमधी नको दडू."

गढूळ पाणी गेलं, हलकी वाळू गेली. तळाशी चिमूटभर काळी वाळू उरली आणि तिच्यात वाटी ठाण मांडून बसलेली.

"झाली पारख," ती म्हणाली आणि वाटी पुन्हा पदराला बांधली.

मग धुण्याच्या दगडामागची वाळू, जिथं पाणी मंदावतं तिथली, खंडेराव खोऱ्यानं ओढायचा आणि ती घोळवायची. सावल्या लांबल्या. ओवी मधेच थांबली.

"काय गं?"

तिचे डोळे भरून आलेले, मूठ घट्ट मिटलेली. पदराची गाठ सोडून तिनं तळवा पुढं केला. त्यावर दोन वाट्या.

"तुमची कोणती, वळखा."

धोतराला हात पुसून त्यानं ठसक्यात बोट ठेवलं. "ही."

"चुकलात. ती माझ्या आईची."

तो ओशाळून हसला. "बरं. गाठवायला दोरा आणतो. मजबूत बघून निवडतो."

"निवडा," ती म्हणाली, "पण तेल नका लावू."