पन्हळीची तलवार

गिरिजाने तलवार म्यानातून चार बोटं बाहेर काढली आणि थांबली. पात्यावर तेलाचा पातळ थर होता, आणि त्यात बार्नच्या, शेतावरच्या मोठ्या कोठाराच्या, उघड्या दाराचा उजेड लांबट होऊन पडला होता.

"पूर्ण काढा," ग्लेन म्हणाला. "बघितल्याशिवाय कसं कळणार?"

तिने पूर्ण काढली. तलवारीच्या वर्गात शिकवलं होतं तशी, धार वर ठेवून, डाव्या हाताने म्यान मागे ओढत. ग्लेनने पसंतीची मान हलवली. साठी ओलांडलेला हा दाढीवाला माणूस मेरीसव्हिलच्या पलीकडे मक्याच्या शेतांमध्ये राहत होता. चीनमधून जपानी घाटाच्या तलवारी मागवायच्या, त्यांच्या मुठी नीट बसवून घ्यायच्या आणि शिकाऊ लोकांना परवडतील अशा भावात विकायच्या, हा त्याचा निवृत्तीनंतरचा उद्योग. डब्लिनमधल्या घरून इथवर यायला गिरिजा आणि तिचा नवरा ऋषी यांना पाऊण तास लागला होता, आणि वाटभर ऋषी तलवारींबद्दलच बोलत होता.

"टँगचं विचार त्यांना," आताही तो मागून म्हणाला. "मुठीच्या आत पातं कुठपर्यंत जातं ते."

"तूच विचार."

त्याने विचारलं. ग्लेनने लहानशा हातोडीने मुठीतली बांबूची खुंटी ठोकून बाहेर काढली, मूठ उतरवली आणि आतली काळपट पट्टी दाखवली. पातं मुठीच्या जवळजवळ टोकापर्यंत गेलं होतं. भिंतीवर टांगायच्या तलवारींत इथे नुसता एक बोल्ट डागलेला असतो, तो म्हणाला; कापायला जावं तर पातं निघून शेजाऱ्याच्या अंगणात. ऋषी हसला. गिरिजाही हसली, जरा उशिरा.

ऋषीने बरेच दिवस याचा अभ्यास केला होता. लंचच्या सुटीत ऑफिसमध्ये बसून तो तलवारवाल्यांच्या फोरमवर वाचायचा आणि संध्याकाळी तिला सांगायचा. स्टेनलेस स्टील नको, ते तडकतं. मऊ पाठ आणि कडक धार असलेलं भारी पातंही पहिल्यांदा नको. हात वाकडा पडला की ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. साधं, सगळीकडे सारखं पाणी दिलेलं कार्बन स्टील घ्यावं, ते वाकलं तरी आपलं आपण सरळ होतं. शिवाय बजेटमध्ये बसतं. गिरिजा पोळ्या लाटता लाटता "हं" म्हणायची. मार्चपासून त्यांच्या घरात दोघांनी बोलावा असा इतका निरुपद्रवी विषय दुसरा निघाला नव्हता.

मार्चमध्ये, सातव्या महिन्यात, एका दुपारी गिरिजाला ऑफिसमध्येच रक्तस्राव सुरू झाला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत वार गर्भाशयापासून सुटलेली होती. तिला पूर्ण भूल देऊन ऑपरेशन केलं. ती शुद्धीवर आली तेव्हा नर्सने हळू आवाजात सांगितलं, मुलगी होती. आणि विचारलं, बघायचं आहे का. गिरिजा नको म्हणाली. संध्याकाळी दुसऱ्या नर्सने विचारलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. मग कोणी विचारलं नाही. ऋषी त्या दुपारी कुठे होता हे तिला माहीत नव्हतं. फोनवर असेल असं तिने धरलं होतं; पुण्यात दोन्ही घरी कळवायचं होतं.

मेमध्ये गिरिजाची आई आली. तिकीट बाळंतपणासाठी आधीच काढून ठेवलेलं. बॅगेत डिंक, आळीव, खारीक. आईने एक दिवस ते सगळं ओट्यावर नुसतं मांडून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी लाडू वळले.

"बाळंतपण ते बाळंतपणच," ती म्हणाली. "कंबर पुढे बोलते."

गिरिजा रोज सकाळी एक लाडू खायची. चवीला चांगले झाले होते. आई समोर बसून तिच्या तोंडाकडे बघायची, कधीतरी रडू फुटेल म्हणून. ते फुटलं नाही. आई परत गेली, लाडू संपले, गिरिजा कामावर रुजू झाली. रोजची कामं ती नीट करत होती. सिग्नलला थांबत होती, मीटिंगमध्ये बोलत होती, बटाटे घ्यायला जाऊन बटाटेच आणत होती.

ऑफिसमधल्या अदितीने योगाचा वर्ग सुचवला. गिरिजा एकदा गेली. तिथे डोळे मिटून पडायचं होतं आणि ते तिला जमेना. ती बाहेर आली, तर शेजारच्या हॉलमध्ये आठदहा माणसं लाकडी तलवारी घेऊन रांगेत उभी होती. सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पुढच्या शनिवारी ती त्या हॉलमध्ये गेली. शिकवणाऱ्या मिसेस ओकाडांनी तिचं नाव विचारलं, उंची विचारली, आणखी काही विचारलं नाही. पाय कुठे ठेवायचा, खांदा कधी सोडायचा, एवढंच त्या सांगत. उन्हाळा तसाच गेला. ऑक्टोबर लागल्यावर त्या म्हणाल्या, आता स्वतःची तलवार घे आणि कापून बघ. हवेत कापताना माणूस स्वतःला फसवू शकतो.

ग्लेनने मूठ परत बसवली, खुंटी ठोकली आणि दोघांना बार्नच्या मागे नेलं. मका काढलेल्या शेतात खुंटं दूरवर दिसत होती. पलीकडच्या शेतात अजून कापणीचं यंत्र फिरत होतं. गवतावर एका लाकडी खांबाला भिजवलेल्या चटईची गुंडाळी उभी खोचलेली होती. गुंडाळीला ओल्या गवताचा वास येत होता.

"हे मनगट समजा," ग्लेन म्हणाला. "आत हाड नाही, एवढाच फरक."

ऋषी मागे सरकला. गिरिजाने श्वास घेतला, तलवार वर नेली आणि तिरकी खाली आणली. पातं अर्ध्यात अडकलं. गुंडाळी खांबासकट कलली.

"मनगट आधीच वळतंय," ग्लेनने सांगितलं. "जोर नका लावू. तिला जाऊ द्या."

दुसरी तलवार जरा जड होती. तिची मूठ काळ्या सुती दोऱ्याने गुंडाळलेली, दिसायला अगदीच साधी. गिरिजाने पुन्हा हात उचलले. या वेळी काही अडलं नाही. तिला वाटलं, नेम चुकला. मग गुंडाळीचा वरचा तुकडा सावकाश घसरला आणि गवतावर पडला. काप एकसारखा होता.

"बघ ना काय क्लीन आलंय," ऋषी म्हणाला. "कसं वाटलं?"

तिने पडलेल्या तुकड्याकडे पाहिलं.

"कापलं गेलं," ती म्हणाली.

तिने आणखी काही वेळा कापून पाहिलं, कधी साधलं, कधी नाही. तिचे दंड थरथरायला लागले तेव्हा ग्लेन म्हणाला, "थांबा, एक हलकी आहे माझ्याकडे. एकांनी परत दिलेली." तो आत गेला आणि एक तलवार म्यानासकट घेऊन आला. म्यान जरासं सरकवून त्याने पात्यावरून उभी गेलेली खोल पन्हळ दाखवली. या पन्हळीने वजन कमी होतं, तो म्हणाला, आणि वार बरोबर बसला तर हवेत शीळ वाजते. गिरिजाच्या हातात दुसरी तलवार होती, म्हणून रीतीप्रमाणे दोन्ही तळव्यांवर आडवी धरून त्याने ती ऋषीपुढे केली.

"म्यानासकट अडीच पौंड. काहीच नाही म्हणा ना."

ऋषीने दोन्ही हात पुढे करून ती घेतली.

पन्हळीबद्दल तो गाडीत भरपूर बोलला होता. आताही बोलेल म्हणून गिरिजा थांबली. पण त्याचं डावं कोपर हळूहळू दुमडलं आणि तलवार त्याच्या छातीच्या जवळ आली. तो तसाच उभा राहिला, खाली बघत. मग तो बार्नमध्ये गेला, घोंगडी अंथरलेल्या टेबलावर त्याने ती ठेवली, एक टोक आधी, मग दुसरं.

"ही नको," तो इंग्रजीत म्हणाला आणि पुढच्या दाराने गाडीकडे गेला.

"मी काही चुकीचं बोललो का?" ग्लेनने विचारलं.

"नाही," गिरिजा म्हणाली. तिने आपल्या हातातली तलवार पुसली, म्यानात घातली, त्याला दिली आणि ऋषीच्या मागे गेली.

तो गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा होता.

"काय झालं? पन्हळवाली नको, हे तूच म्हणत होतास. लवकर वाकते म्हणून."

"हो. वाकते."

"मग?"

यंत्र शेताच्या कडेला पोचलं आणि वळायला लागलं. ऋषी त्याच्याकडे बघत होता.

"एवढीच होती ती," तो म्हणाला.

"कोण?"

विचारल्यावर तिला कळलं. तिने गाडीच्या दाराला हात लावला. पत्रा उन्हाने कोमट झाला होता.

"तू भुलीत होतीस," तो म्हणाला. "त्यांनी येऊन विचारलं, घेणार का. मी हो म्हटलं. एका लहान खोलीत बसवलं मला."

"किती वेळ?"

"माहीत नाही. नर्स मध्येच येऊन बघून जायची. घाई नाही म्हणायची."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू नको म्हणालीस, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, तुला ऐकायचंही नसेल." त्याने बॉनेटवरून हात काढले. "आणि मग ते राहूनच गेलं, गिरिजा. आई होती, ऑफिस सुरू झालं. कुठून काढायचा विषय?"

आत काहीतरी होईल म्हणून ती वाट बघत राहिली. होत काहीच नव्हतं. फक्त तलवारीने दमलेले हात खाली लोंबत होते.

"केस होते?" तिने विचारलं.

"होते. पुष्कळ. ओले, कपाळाला चिकटलेले. मी जरा मागे सारले." मग तिने न विचारताच तो म्हणाला, "नाक तुझ्या आईचं."

"आईचं?"

"हं. थेट."

गिरिजाने मान हलवली. मग ती वळली आणि बार्नमध्ये परत गेली. ऋषी तिच्या मागून आला, पण दारातच थांबला.

ग्लेन चटईचे ओले तुकडे एका बादलीत भरत होता.

"ती दुसरी घेते मी," ती म्हणाली. "काळ्या मुठीची."

"बरोबर निवडलीत. ती चुका पोटात घालते. खोक्यात घालून देतो."

"आणि ही..." तिने टेबलाकडे पाहिलं. "ही एकदा हातात घेऊ का?"

"पहिली म्हणून ही नका घेऊ. कापताना..."

"विकत नाही घेणार. नुसती धरायची आहे."

ग्लेनने तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या ऋषीकडे. बादली उचलून तो कोपऱ्यातल्या खोक्यांकडे गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून चिकटपट्टी शोधायला लागला.

गिरिजा टेबलाशी उभी राहिली. मुठीला हात घालावा की म्यानाला, हे तिला ठरवता येईना. गेले कित्येक शनिवार ती हेच शिकत होती. ऋषी पुढे आला. त्याने दोन्ही हातांनी ती तलवार उचलली आणि तिच्या हातांवर ठेवली. एकदम सोडली नाही. आधी आपला एक हात काढला, मग दुसरा.

तिने ती वर्गात धरतात तशी आडवी, ताठ धरली.

"अशी नाही," ऋषी म्हणाला. त्याने तिचं डावं कोपर हलकेच आत घेतलं. "हा हात वर. हा खालून."

मागे ग्लेनने चिकटपट्टी सापडूनही ओढली नाही.

"अशी?" तिने विचारलं.

"हं," तो म्हणाला. "अशी."