रविवारची पाहुणी

माझी एक मैत्रीण दर रविवारी चहाला येते. समोरच्याच दारात राहते. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत येते, साखर दोन चमचे घेते आणि वर म्हणते, डॉक्टरांनी बंद केलीय. तिच्याबद्दल मी तिकडे भारतात बाबांना फोनवर इतकं सांगितलंय की उद्या रस्त्यात दिसली तर ते तिला हाक मारतील. अडचण एवढीच, की ती चहाला आजवर एकदाही आलेली नाही.

म्हणजे बाई खरी होती. एकदा तिचं पार्सल चुकून माझ्याकडे आलं, ते मी नेऊन दिलं, ती "थँक्यू" म्हणाली आणि दार लागलं. तेवढ्या भांडवलावर मी पाच वर्षं धंदा केला. काय करणार? आई गेल्यापासून बाबांचा रोज एकच प्रश्न, "छकुले, तुला तिथे कोण आहे गं?" मी पंचेचाळिशीची झाले तरी त्यांना छकुलीच. कुणी नाही असं सांगितलं असतं तर त्यांच्या घशाखाली घास उतरला नसता. म्हणून ही पाहुणी. पुढे मी तिला एक मुलगी दिली, त्या मुलीचं लग्न लावलं, आणि काही महिन्यांनी विसरून तिचं पुन्हा एकदा लग्न लावलं. बाबांनी टोकलं नाही. मला वाटलं, वय झालंय, राहिलं नसेल लक्षात.

मी कवळ्या बनवते. दाताच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, शेवटी घासून चकचकीत करायचं. आम्ही सहाजण एका लांब टेबलाशी बसतो. घासायच्या मशीनचा आवाज असा, की सगळ्यांच्या कानांत बोळे. सकाळी एकमेकांकडे बघून मान हलवायची, संध्याकाळी पुन्हा हलवायची, संपलं. दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवते आणि माझं तोंड उघडायची वेळ येत नाही. घरी आल्यावर फ्रीजशी बोलते. तो निदान गुरगुरतो तरी.

मला बाबांकडे जाता येत नव्हतं. इथे राहायच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलंय. ते होईपर्यंत देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नाही, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. म्हणजे यायचं तर त्यांनीच, आणि आताच. मला माझे बाबा हवे होते. या वयाच्या बाईनं असं म्हणू नये, पण हवे होते. दार उघडल्यावर घरात कुणीतरी खोकावं एवढीच माझी अपेक्षा होती.

तिकडच्या व्हिसा एजंटनं सगळे कागद जमवले. बाबांचं स्वतःचं घर, पेन्शन, खालच्या मजल्यावर राहणारी आत्या. परत यायला भरपूर कारणं होती. "कागद चोख आहेत," तो मला फोनवर म्हणाला, "फक्त काकांना आवरा. म्हातारी माणसं मुलाखतीला आत जाऊन हात दाखवून अवलक्षण करतात. किती दिवस राहणार विचारलं की म्हणतात, मुलगी ठेवील तितके. झालं! त्यांना वाटतं माणूस कायमचाच चाललाय."

बाबांना आवरणं सोपं नव्हतं. ते बसचे कंडक्टर होते. कुणी वेळ विचारली तर घड्याळ कुठून घेतलं इथपासून सुरुवात. म्हणून मी रोज उजळणी घ्यायला लागले. व्हिडिओ कॉलला नेहमीसारखा ओट्यावर साखरेच्या डब्याला फोन टेकवायचा, कारण त्या कोपऱ्यात उजेड बरा, आणि समोर स्टुलावर मी.

"किती दिवस?"

"एकवीस."

"कशाला?"

"मुलीला भेटायला आणि फिरायला. फिरायचंय कुठे ते विचारलं तर?"

"नाही विचारणार. परत कशासाठी येणार?"

"घर आहे, पेन्शन आहे, बहीण आहे. ती काय मला सोडते होय!"

"बहीण आहे, एवढंच म्हणा, बाबा."

"बरं बाई. तू मास्तरीण व्हायला हवी होतीस. उगाच लोकांचे दात लावत बसलीस."

इकडे मी घर सजवलं. दुसरी खुर्ची आणली, न्हाणीघरात धरायला दांडी ठोकून घेतली, जाड कानाचा मोठा कप आणला, कारण बाबांची बोटं हल्ली आखडतात. मग एका संध्याकाळी लक्षात आलं, बाबा आल्यावर पहिल्याच रविवारी विचारणार, कुठे आहे तुझी ती गुडघेवाली? म्हटलं, अजून वेळ आहे, खरोखरच मैत्री करून टाकू. केकचा डबा घेतला, केस विंचरले आणि समोरची बेल वाजवली. एका तरण्या मुलानं दार उघडलं. मागे रंगाचे डबे, गुंडाळलेली गादी. आधीच्या बाई? त्या केव्हाच गेल्या, तो म्हणाला, मला इथे येऊनच सहा महिने झाले. कुठे गेल्या ते त्याला माहीत नव्हतं.

आदल्याच रविवारी मी बाबांना सांगितलं होतं की तिला सर्दी झालीय. मी परत आले आणि उभ्यानंच अर्धा केक खाल्ला. त्या दिवशी फार रडले. ती गेल्याचं नव्हे, गेलेलं मला कळलंसुद्धा नाही याचं.

मुलाखतीच्या दिवशी मी कारखान्यात फोन मांडीवर ठेवून बसले होते. दोन दाढा उलट्या बसवल्या. फोन थरथरला तशी जिन्यात धावले.

"नाही म्हणाले," बाबा म्हणाले. आणि लगेच, "तू जेवलीस का?"

"नाही म्हणाले म्हणजे? काय विचारलं त्यांनी?"

"तू जेव आधी. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी फोन पुन्हा साखरेच्या डब्याला टेकवला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तसेच बसले होते, वरच्या गुंडीसकट.

"बाई तशी चांगली होती," त्यांनी सुरुवात केली. "तुझ्यापेक्षा लहान. काचेपलीकडे ती, बाजूला तिचं बोलणं समजावून सांगणारा एक माणूस. सगळं तू घोकून घेतलेलंच आलं. घर, पेन्शन, बहीण. मी एक शब्द जास्त बोललो नाही, शपथेवर सांगतो. मग तिनं विचारलं, मुलीला तिथे कोण कोण आहे?"

"मग? सांगायचं ना, मैत्रिणी आहेत, शेजार चांगला आहे."

बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "छकुले, तुझ्या मागे ती भांडी निथळायची जाळी आहे बघ. पाच वर्षं मी ती जाळी बघतोय. एक कप. एक ताटली. एक चमचा. अगं, जन्मभर गाडीतली माणसं मोजली मी. कोण चढलं, कोण उतरलं, मला नाही का कळत? दर रविवारी तुझी पाहुणी येते म्हणतेस. ती काय ओंजळीत चहा पिते?"

मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

"मी सांगितलं, कुणी नाही तिला. एकटी आहे. तर ती म्हणाली, मग तुम्ही किती दिवस राहणार? म्हटलं, तिला कुणाची तरी सोबत मिळेपर्यंत."

"बाबा!" मी ओरडलेच. "एकवीस! एकवीस दिवस म्हणायचं होतं! एवढं घोकलं होतं आपण!"

"होतं ना लक्षात. जिभेवर होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? एकवीस दिवसांनी पोरीला पुन्हा तशीच टाकून येतो, असं त्या परक्या बाईला तोंड वर करून सांगू?"

मी भडकले. नाही नाही ते बोलले. तुमच्या खरेपणानं माझं वाटोळं केलं म्हणाले, आता पुन्हा अर्ज केला तरी हेच उत्तर समोर ठेवतील, आता बसा तिकडे आणि मी बसते इकडे. ते ऐकत राहिले. मी फोन आपटला आणि नव्या खुर्चीवर जाऊन बसले. खुर्ची चांगली होती, पाठीला बरोबर टेकत होती.

खरं तर राग त्यांच्यावर नव्हताच. पाच वर्षं मी त्यांना फसवतेय अशा थाटात होते, आणि ते बिचारे पाच वर्षं फसल्याचं सोंग करत होते. लग्न दोनदा लागलं तेव्हा दोन्ही वेळा त्यांनी जावई काय करतो म्हणून विचारलं होतं.

त्यानंतर त्यांचा फोन वाजायचा आणि मी नुसती बघत राहायची. रविवारी मीच लावला. जागा नेहमीचीच. बाबांनी दाढी केलेली नव्हती. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि डोळे बारीक झाले.

"दोन कप?" ते म्हणाले. "कोण आलं होतं?"

सवय वाईट. गुडघेवाली जिभेच्या टोकावर येऊन बसलीसुद्धा.

"कुणी नाही," मी म्हणाले. "तो तुमचा आहे. तुम्ही येणार म्हणून आणला होता."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कान चांगला जाड आहे," ते म्हणाले. "मग नुसता जाळीत काय ठेवलास? चहा घाल की."

मी उठले. माझा बिनसाखरेचा आधी ओतला, मग त्यांचा.

"साखर किती घालू?"

"दोन चमचे," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी बंद केलीय."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. मग दोन चमचे घातले, ढवळले आणि कप फोनसमोर ठेवला. ते गुडघ्यांबद्दल बोलले, आत्याबद्दल बोलले, मी कारखान्यात उलट्या बसवलेल्या दाढांचं सांगितलं तेव्हा खूप हसले. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन ठेवला. कप तसाच भरलेला होता, वर साय धरली होती. तोही शेवटी मीच प्यायले. गार झाला होता, आणि फार गोड होता.