स्टुलावरची गादी

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. दवाखान्यात मला सगळे ‘बीपीचं मशीन’ म्हणतात. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, कोपऱ्यातल्या तीन पायांच्या स्टुलाचा मला भयंकर हेवा वाटतो.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! दंडाला पट्टा गुंडाळून फुगा दाबला, की पारा सरसर वर चढायचा आणि पेशंटचे डोळे त्याच्यावर खिळायचे. स्टुलाला तेव्हा कोणी हिंग लावून विचारत नव्हतं.

मग जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि नव्या डॉक्टरीणबाई आल्या. एक शिवणकाम करणारी बाई सारखी डोकेदुखी घेऊन यायची. मी दर वेळी नॉर्मलच दाखवायचो. एकदा तिची नणंद फणकारली, “बघा, मशीन काय खोटं बोलतंय? कामाचा कंटाळा, दुसरं काय!”

माझी छाती फुगली. पण डॉक्टरीणबाईंनी नणंदेला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि स्टूल ओढून त्या तिच्याजवळ बसल्या.

“ताई, झोप लागते का?”

“पहाटेच जाग येते. मग नुसती छताकडे बघत पडते.”

“शिवायला आवडतं अजून?”

“सुई हातात धरवत नाही.”

“मरून जावं, असं मनात येतं?”

ती ओंजळीत तोंड लपवून रडली. “रोज येतं. पण कोणी विचारलंच नाही हो.”

हा नैराश्याचा आजार आहे, तो बरा होतो, हे बाईंनी नणंदेलाही समजावलं. औषध सुरू झालं. तिला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. त्याच स्टुलावर बसून बाईंनी पुढे एका सुताराचा फिटचा आजार ओळखला, एका ड्रायव्हरचं दारूचं व्यसनही ओळखलं. माझा नुसता जळफळाट!

काही महिन्यांनी ती शिवणकाम करणारी बाई हसत आली, हातात पिशवी घेऊन. माझा पट्टा कडेला उसवला होता. म्हटलं, आता आपलं नशीब उघडलं. तिने पिशवीतून फुलाफुलांची गादी काढली आणि स्टुलावर बांधली.

मग दंड माझ्यापुढे केला. पारा वर गेला, खाली आला. नॉर्मल. ती मरणाचा विचार करत होती तेव्हा होता, तेवढाच. मला फरक कळलाच नाही.

म्हणून मित्रांनो, माझा आकडा बघा, पण तेवढं बघून उठू नका. घरातलं कोणी गप्प गप्प झालं, तर जवळ बसा, विचारा. त्यासाठी साधं स्टूलही पुरतं, हे सांगताना माझा जीव जळतो. आणि सुईदोरा हाताशी असेल, तर माझा पट्टा अजून उसवलेलाच आहे.