माझा कोपरा गेला आणि दार आलं

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे. जळगावच्या पिंप्राळा भागात एका घराच्या मागच्या अंगणात मी उभी आहे. माझ्या एका अंगाला म्हशीचा गोठा, दुसऱ्या अंगाला धुण्याचा दगड. एवढ्यावरून मला अडगळीची खोली समजाल तर मात्र मला राग येईल. मी हापीस आहे. आणि हापीस होण्यासाठी मी जे सोसलं, ते ऐकाल तर मला मान द्याल.

माझा जन्म एकोणीसशे सत्त्याऐंशी सालचा. या घरची सून बेबाबाई घरांचे नकाशे काढायची. लग्नाआधी तिने ते शिक्षण रीतसर घेतलं होतं आणि हात असा की रेघ काढली की बघत राहावं. आधी ती नव्या पेठेत एका माडीवरची अर्धी खोली भाड्याने घेऊन बसत असे. उरलेल्या अर्ध्या खोलीत जागामालकाने लाल मिरच्यांची पोती रचली. झालं! बेबाबाई पेन टेकवायची आणि शिंकायची. एका शिंकेसरशी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शाईचा तलाव व्हायचा. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "दुसऱ्याच्या मिरच्या हुंगत बसण्यापेक्षा आपल्या अंगणात एक खोली बांधू."

नवरा शालिग्राम दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता. गडी अबोल, पण बायकोच्या हुशारीवर त्याचा जीव. पाळी संपवून आला की तो विटा वाहायचा. बेबाबाईने माझा नकाशा स्वतः काढला. उत्तरेला मोठी खिडकी, कारण नकाशाला शांत उजेड लागतो. वर पत्रा नको, कारण खान्देशातल्या उन्हात पत्र्याखाली माणूस पापडासारखा भाजतो आणि घामाचा एक थेंब कागदावर पडला की दिवसभराची मेहनत वाया. म्हणून सागाच्या सऱ्या टाकून वर मातीचं धाबं केलं, त्यावर पांढरी खारी माती पसरली. धाब्यातून माती भुरभुरते, तर सासू यशोदाबाईंनी आपली जुनी लुगडी जोडून आतून कापडाचं छत शिवून दिलं. त्या छताचा मला फार अभिमान होता. जळगावात कुठल्या हापिसाला नऊवारीचं छत होतं, सांगा!

सगळं जमलं, फक्त एक गोष्ट चुकली. माझं दार घराच्या बाजूला ठेवलं होतं. माझ्या पाठीला लागून गल्ली होती, पण ती दक्षिणेला. सासरे रुपचंदनाना पारोळ्याकडचे जुने शेतकरी. दक्षिणेला दार म्हणजे घरात अवदसा, हे त्यांचं पक्कं मत. बेबाबाई सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर पडू देत नसे, मग वाद कुठला घालणार? लोकांची घरं आखून देणारी बाई स्वतःच्या हापिसाला वाट ठेवायची विसरली असं नाही, ती गप्प बसली. तेच अंगाशी आलं.

नानांनी खोली बांधू दिली, पण अट घातली. म्हणाले, "आखाजी लगून तुन्हं हापीस चालनं ते चालनं. नही ते मी तठे कडबा भरसू!"

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. ही अट मी माझ्या चारही भिंतींनी ऐकली आणि हादरले. हापीस म्हणून जन्माला आले आणि म्हशीचा चारा सांभाळत मरायचं?

आता काय व्हायचं ते ऐका. गिऱ्हाईक पुढच्या दाराने यायचं. पुढे ओट्यावर नाना बसलेले. आमच्याकडे उंबऱ्याशी आलेला माणूस गिऱ्हाईक नसतो, पाहुणा असतो. नाना लगेच पाणी मागवायचे.

"या भाऊ, बठा. कोनता गावना तुम्ही?"

तो गाव सांगायचा. नाना त्या गावातली चार नावं काढायचे आणि पाचव्या नावाला नातं निघायचं. "मंग ते तुम्ही मन्हा मावसभाऊना साडू शेतस! जेवा बिगर जावानं नही." मग शेवभाजी, भाकरी, वर तुपाची धार. पोटभर जेवलेला माणूस ओट्यावर पंचा अंथरून आडवा व्हायचा. उठल्यावर त्याला परतीची एसटी आठवायची. एखादा जिद्दीचा निघालाच तर त्याला माझ्यापर्यंत पोचायला माजघर, स्वयंपाकघर आणि भांडी घासायची जागा ओलांडावी लागे. परक्या घराच्या चुलीपर्यंत कोण जाईल? तो अर्ध्यातून मागे फिरायचा.

आणि खरी मेख वेगळीच होती. माझ्यात बसली की बेबाबाई नकाशा काढणारी बाई असे. ताठ बसे, खणखणीत बोले. पण नाना ओट्यावर पाहुण्यांना घेऊन बसले की ती सून होई. सून आतून चहा पाठवते, बाहेर येऊन "काम माझं आहे" असं म्हणत नाही. माझ्यापर्यंत येणारी वाट तिच्या सूनपणातून जात होती. त्या वाटेवर तिची सगळी हुशारी गळून पडायची.

मी रिकामी राहू लागले. खिडकीत कोळ्याने जाळं विणलं. माघ संपला, फाल्गुन गेला. एके दिवशी नानांनी कडब्याच्या पेंढ्या आणून माझ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. आत नाही आणल्या, नुसत्या टेकवल्या. पण मला वास आला आणि रडू कोसळलं.

चैत्रात एक जीप आली. पारोळ्याजवळच्या एका गावात हायस्कूल बांधायचं होतं. तिथले उखर्डू पाटील चार पंचांना घेऊन आले होते. आखाजीला पायाभरणी ठरलेली. असं काम मिळालं की तालुकाभर नाव होतं. 'नकाशावाल्या साहेबां'च्या नावाने आधी निरोप आला होता, तो बेबाबाईला मिळाला होता. तिने मला झाडून पुसून लखलखीत केलं, खुर्च्या मांडल्या आणि वाट पाहत बसली.

पुढच्या ओट्यावर पाटलांनी विचारलं, "नकाशावाला साहेब कोठे शेतस?"

"भेटतीन, भेटतीन. पहिले जेवा तरी!" नाना म्हणाले. त्यांच्या मनात कपट नव्हतं. आलेल्या माणसाला उपाशी ठेवून कामाचं बोलायचं नाही आणि सुनेला परक्या पुरुषांपुढे हाक मारायची नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

पंच जेवले, घोरले, उठले. साहेब काही दिसेनात. गावाला गेले असतील, असं समजून "पाहुणचार झकास!" म्हणत ते जीपमध्ये बसले. जाताना पाटील म्हणाले, "आते धुळ्याले जाईसन कोनले तरी सांगू."

ते वाक्य घर ओलांडून माझ्यापर्यंत आलं. बेबाबाईने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग ती गोठ्यात गेली, पहार घेऊन आली आणि माझ्या दक्षिणेच्या भिंतीवर तिने पहिला घाव घातला.

मित्रांनो, मला फार लागलं. पण खरं सांगते, इतका आनंद मला माझ्या वास्तुशांतीलाही झाला नव्हता.

आवाज ऐकून नाना धावत आले. "काय करी राह्यनी? मी जित्ता शे तवलोंग या घरले दक्षिणले दार व्हनार नही!"

तेवढ्यात त्यांच्या मागून यशोदाबाई आल्या. हात पिठाचे, चेहरा लालबुंद. त्यांनी सुनेच्या हातातली पहार धरली. मला वाटलं, हिसकावून घेणार. पण त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फोडू द्या तिले! तुम्ही बठ्ठा गिऱ्हाईकस्ना पाव्हना करी टाकात. भाकरी कोन थापस? मीच थापस ना! मन्हा हात भरी उनात!"

बेबाबाईने पहार भिंतीला टेकवली. पदराने एक खुर्ची पुसली आणि टेबलापलीकडे सरकवली.

"बसा नाना," ती म्हणाली. घरात ती त्यांच्याशी अहिराणीत, तेही मान खाली घालून बोलायची. आता ती गिऱ्हाइकांशी बोलायची तशी बोलत होती. "तुमची अडचण काय आहे, ते मला सांगा."

नाना गोंधळून बसले. माझ्यात बसलेले ते पहिलेच गिऱ्हाईक. म्हणाले, "दार पूर्वले पाहिजे. आखो काही नही."

"आणि गल्ली?"

"गल्ली ते दक्षिणले शे."

"ठीक आहे." तिने कागद ओढला. नाना बघत राहिले. तिने मला काढलं, चारी भिंतींसकट. मग माझा गल्लीकडचा पूर्वेचा कोपरा तिने खोडून टाकला. तिथे छोटा ओटा आला. ओट्याला लागून, पूर्वेकडे तोंड करून, एक दार. आणि ओट्यावरून दक्षिणेला, गल्लीत उतरणाऱ्या पायऱ्या.

"पायऱ्या दक्षिणेला, दार पूर्वेला," बेबाबाई म्हणाली. "माणूस वर चढेल, वळेल आणि तुमच्या दिशेने आत येईल. चालेल का?"

नानांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. "सूर्य कोठे निंघी?" तिने कागदाच्या कडेला छोटा सूर्य काढला. नानांनी सूर्यावर एक बोट ठेवलं, दारावर दुसरं. बराच वेळ ते दोन बोटांमधली जागा बघत होते. मग उठले, पहार उचलली आणि म्हणाले, "खालथीन नको फोडू. वरथीन उतारनी पडस, नही ते धाबं डोकावर यी."

माझा कोपरा गेला, मित्रांनो. चौकोनी जन्मले, ती कायमची अधू झाले. पण माझ्यात पहिल्यांदा गल्लीचा वारा शिरला. कुल्फीवाल्याची घंटा ऐकू आली, शाळेत जाणाऱ्या मुली दिसल्या. दारावर पाटी लागली: 'सौ. बेबाबाई शालिग्राम पाटील, घरांचे व इमारतींचे नकाशे'.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना सकाळच्या एसटीने कुठे गेले ते कुणाला सांगून गेले नाहीत. संध्याकाळी गल्लीत जीप थांबली. उखर्डू पाटील पायऱ्या चढले, वळले, आत आले. पाठोपाठ पंच. पाटील हसत म्हणाले, "नाना थेट मन्हा शेतमा उनात. म्हने, जेवन मन्हं व्हतं ते तुम्ही जेवी गयात. काम मन्ही वऊनं, सूनबाईनं शे, ते कोन करी?"

बेबाबाईने क्षणभर मान वळवली. मग मोजपट्टी हातात घेतली आणि विचारलं, "वर्ग किती हवेत?"

आखाजीला त्या शाळेचा पाया खोदला गेला. त्यानंतर किती घरं, किती दुकानं, किती दवाखाने माझ्या टेबलावर उभे राहिले, मी मोजले नाहीत. शहरात मोठाल्या इमारती झाल्या, काचेची हापिसं निघाली. बेबाबाईला जागा घेण्याबद्दल पुष्कळांनी विचारलं. ती म्हणायची, "माझं हापीस आहे." कडबा म्हशीजवळच राहिला. दर उन्हाळ्याच्या शेवटी नाना स्वतः माझ्या धाब्यावर चढून नवी खारी पसरू लागले. नात्यातल्या दोन मुली तिच्याकडे काम शिकायला येऊ लागल्या आणि माझ्यात आणखी दोन टेबलं बसली.

पुढच्या ओट्यावर मात्र नाना तसेच. पाणी द्यायचे, गाव विचारायचे. एकदा त्यांचाच भाचा आला आणि ओट्यावर पाय पसरून म्हणाला, "मामा, सूनबाईले बलाव. घरना नकाशा काढना शे."

नाना म्हणाले, "सून पाहिजे व्हई ते आठे बठ, ती चहा लई यी. नकाशा पाहिजे व्हई ते ऊठ. मांगेथीन गल्लीमा जा, पायऱ्या चढ, नी दार वाजाड. ती 'या' म्हनी तवय आत जाय."

भाचा मुकाट्याने उठला. गल्लीला वळसा घालून आला. त्याने दार वाजवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी शिवत असेल, लिहीत असेल, शिकवत असेल. त्या माणसाला एक जागा द्या, ती झाडा, तिचं छत जपा. पण तेवढ्याने भागत नाही. त्या जागेला तिचं स्वतःचं दार द्या, आणि तुम्ही घरचे असलात तरी ते वाजवून आत जा. त्यासाठी भिंत फोडावी लागली तर कचरू नका. भिंतीच्या वतीने मी सांगते, थोडं दुखतं, पण नंतर फार बरं वाटतं.