नावाने खालची

नळ उघडला, तेव्हा त्यातून नुसता वारा आला.

"नळ सुस्कारे टाकतोय, साहेब," प्लंबर म्हणाला. "चढ चढून दमलेला दिसतो."

मला हसू आले नाही. माझी थोरली बहीण रिकामा हंडा घेऊन उंबऱ्याशी उभी होती. पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालो तेव्हा मी तिला शब्द दिला होता, की ओढ्याचे गढूळ पाणी तुला पुन्हा प्यावे लागणार नाही. त्या पाण्याने तिला वर्षभरात दोनदा दवाखाना दाखवला होता. तिसऱ्या खेपेला शरीर साथ देईलच असे नाही, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते.

डोंगरातला झरा आम्ही दगडी कुंडीत बंदिस्त केला, पाणी खडी-वाळूतून गाळून टाकीत आणले. टाकीतून दोन नळवाहिन्या निघत होत्या, एक वरच्या वाडीला, दुसरी बहिणीच्या खालच्या वाडीला. वरच्या वाडीत सकाळीच पाणी पोहोचले होते. वरच्यांना मिळाले, म्हणजे खालच्यांना मिळणारच, अशी माझी खात्री होती.

"हवा अडकली असेल," मी म्हणालो.

प्लंबरने एकेक जोड सैल केला. मधल्या घळीत पाणी जोराने उसळले. घळीपलीकडे, बहिणीच्या घराच्या अलीकडे पन्नास पावलांवर, जोड कोरडाच होता.

"अक्का," मी विचारले, "या वाडीला खालची का म्हणतात?"

"ओढ्याच्या खालच्या अंगाला होती म्हणून. आमच्या आजेसासूबाईंच्या वेळी पुरात घरं गेली. माणसं टेकाडावर चढली, नाव तिथंच राहिलं. का रे?"

मी खिशातली वही उघडली. झऱ्यापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून वरच्या वाडीपर्यंत पावलापावलावर मी लेव्हल लावून उंची मोजली होती. या बाजूला मात्र गुडघे दुखत होते, दिवस उतरला होता, आणि 'खालची' म्हणजे खालीच, असे समजून मी वही मिटली. मोजल्याशिवाय लिहू नये, हे तंत्रनिकेतनाच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. घळीतून वर येताना दर वेळी धाप लागायची. तो दोष मी वयाला देत आलो.

"उंची मोजायची पट्टी कोण धरेल?" मी विचारले. प्लंबर घळीत जोड आवळत होता.

"मी धरते. पन्नास वर्षं हा चढ डोक्यावर हंडा घेऊन चढलेय. तुझ्या पट्टीपेक्षा मला जास्त ठाऊक आहे."

टाकीपासून उंबऱ्यापर्यंत सहा ठिकाणी लेव्हल लावली. दर ठिकाणी अक्का पट्टीला टेकून उभी राही.

"पट्टी सरळ धर."

"मलाच कुठं सरळ उभं राहता येतं आता? किती भरलं?"

मी बेरीज दोनदा केली. उंबरा टाकीतल्या पाण्यापेक्षा सव्वादोन मीटर उंच होता.

"सव्वादोन मीटर चढ. तुझे पाय सांगत होते तेच खरं," मी म्हणालो. "चूक माझी आहे, अक्का. मी नाव वाचलं, जमीन वाचली नाही."

"साहेब," घळीतून वर आलेला प्लंबर म्हणाला, "आता?"

"झरा टाकीच्या बराच वर आहे. कुंडीपासून थेट वेगळी वाहिनी आणू, इथे छोटी टाकी ठेवू. सातशे मीटर चर."

"पुन्हा खणायचं?" त्याने कुदळीकडे पाहिले आणि तो खालीच बसला.

"पुन्हा."

मग अक्काने हंडा उचलला.

"कुठे निघालीस?"

"वरच्या वाडीच्या नळावर. ओढ्याचं पाणी पिऊ नको म्हणालास ना?"

तिने पुढचे पाऊल घळीत टाकले. मी वही खिशात घातली, तिच्या हातून हंडा घेतला आणि उतरू लागलो. येताना तो भरलेला असणार होता.